मंद आचेवर, १८५ डिग्री!

आपल्याकडे तापमान सांगायला आकडे कधी लागलेच नाहीत. ‘मंद आचेवर ठेव’, ‘चांगली धग लागू दे’, ‘खमंग वास सुटला की उतरव’... बस्स! एवढ्या सूचनांवर आपल्या आज्यांनी आयुष्यभर तूप कढवलं. आपण पडलो गॅजेटवाली पिढी. एअरफ्रायर १८० वर, कॉफीचं पाणी ९३ वर, बेडरूमचा एसी २४ वर. समोर आकडा चमकला की कसं एकदम सेफ वाटतं! तो आकडा नेमका कशाचा, हे मात्र आपण त्याला सहसा विचारत नाही.

या आठवड्यात अशाच एका आकड्याची गोष्ट. यंत्राचं नाव ड्राय हर्ब व्हेपोरायझर. सुकी वनस्पती जाळायची नाही, नुसती तापवायची आणि तिची वाफ ओढायची. किती तापवायचं ते बटण दाबून ठरवायचं. हर्ब म्हणजे कुठली हर्ब, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. (डोळे मिचकावू नका, प्लीज.)

आधीच सांगून टाकते, हा शॉपिंगचा कॉलम नाही. भारतात २०१९ च्या ई-सिगारेट बंदी कायद्यात ही यंत्रं सरळसरळ येतात. श्वासात घेण्यासाठी एखादा पदार्थ तापवणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण, मग त्यात निकोटिन असो वा नसो, अशी कायद्यातली व्याख्या आहे. बनवणं, आयात करणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं, सगळं बंद. आणि गांजा तर १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली येतोच. तेव्हा ‘कुठे मिळेल गं?’ असे मेसेज पाठवू नका, उत्तर मिळणार नाही. गोष्ट स्टुटगार्टची आहे आणि माझ्या आतेभावाची आहे. त्याच्या परवानगीने लिहितेय. नाव मात्र त्याने घालू दिलेलं नाही, म्हणून नुसता दादा.

दादा मूळचा सांगलीचा. इंजिनिअरिंग पुण्यात आणि गेली नऊ वर्षं स्टुटगार्टला नोकरी. (स्टुटगार्ट ही १९६८ पासून मुंबईची सिस्टर सिटी आहे, हे मला तिथे गेल्यावर कळलं. मुंबईत कुणाला माहीत असेल असं वाटत नाही.) चार वर्षांपूर्वी ऑफिसला जाताना तो सायकलवरून पडला. खांद्याचं हाड सहा आठवड्यांत जुळलं, पण त्याखालची नस दुखावली गेली. नसेचं दुखणं म्हणजे वेगळंच प्रकरण! साध्या पेनकिलरला ते दाद देत नाही. ‘दंडातून कुणीतरी तापलेली सळई फिरवतंय, आणि रात्री नऊ ते दोन त्याची ड्यूटी असते,’ असं दादा म्हणतो. अशा दुखण्यावर आधी दिल्या जाणाऱ्या प्रेगाबालिनसारख्या गोळ्या त्याने घेतल्या. दुखणं अर्धं झालं आणि डोकंही अर्धंच राहिलं. भर मीटिंगमध्ये पेंगायला लागला.

शेवटी त्याच्या पेन स्पेशालिस्ट डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांचा डोस कमी केला आणि जोडीला कॅनॅबिसची फुलं लिहून दिली. जर्मनीत हे मार्च २०१७ पासून प्रिस्क्रिप्शनवर मिळतं. मेडिकलच्या दुकानात, डबीवर लेबल लावून, त्यात टीएचसी किती टक्के हे छापून. (१ एप्रिल २०२४ पासून तिथे प्रौढांना ठरावीक प्रमाणात शौकासाठीही जवळ बाळगता येतं, पण दादाचं प्रकरण त्यातलं नाही.) बाईंनी एकच अट घातली. सिगारेटसारखं ओढायचं नाही, व्हेपोरायझर वापरायचा.

आता हे यंत्र. गेल्या सप्टेंबरमध्ये मी पंधरा दिवस त्यांच्याकडे होते तेव्हा रोज रात्री पाहिलं. आकार साधारण पोलिसांच्या वॉकीटॉकीएवढा, रंग काळा. वर छोटी भट्टी, समोर दोन आकडे. एक आपण ठरवलेला आणि एक यंत्र आत्ता पोचलंय तो. बनावट टुटलिंगनची. स्टुटगार्टच्या दक्षिणेला, डॅन्यूब नदीच्या काठावरचं हे गाव सर्जरीच्या अवजारांसाठी जगभर प्रसिद्ध आहे. चिमटे, कात्र्या, एंडोस्कोप सगळं तिथलं. त्याच गावात मार्कुस स्टॉर्झ आणि युर्गेन बिकेल यांच्या कंपनीने २००० साली ‘व्होल्कॅनो’ नावाचं टेबलावर ठेवायचं व्हेपोरायझर बाजारात आणलं. ज्वालामुखीसारखा शंकू आणि वर फुगणारा फुगा. पुढे त्याची मेडिकल आवृत्ती निघाली आणि मग खिशात मावणारी भावंडं. डॉक्टरी अवजारांच्या गावातून हे यंत्र यावं, हा मला तरी योगायोग वाटत नाही.

जाळणं आणि तापवणं यातला फरक तुम्हाला समजावून सांगायची खरं तर गरजच नाही. तुम्ही लहान असताना घरात दोन्ही प्रकार झालेले आहेत! बाळाला न्हाऊ घातल्यावर शेगडीतल्या निखाऱ्यावर ओवा, वावडिंग टाकून देतात ती धुरी. डोळे चुरचुरतात, आजोबा खोकत बाहेर जातात. आणि सर्दी झाली की ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छातीला शेकतात, तिचा नुसता वास घ्यायचा. धूर नाही, काजळी नाही. व्हेपोरायझर म्हणजे ही पुरचुंडी, फक्त जरा जास्त तापलेली आणि बॅटरीवर चालणारी. ही यंत्रं फक्त गांजासाठीच असतात असंही नाही. व्होल्कॅनोसोबत इतर वनस्पतींची यादी यायची. निलगिरी १३०, लॅव्हेंडर १३०, कॅमोमाइल १९०, थाइम १९०. थाइमला ज्याचा वास येतो ते थायमॉल आपल्या ओव्यातही भरपूर असतं. म्हणजे पुरचुंडीची ही जर्मन चुलतबहीणच म्हणायची.

तर आकडा. दादा पक्का इंजिनिअर असल्यामुळे यंत्र घरी आलं त्याच दिवशी त्याने एक तक्ता छापून फ्रिजवर लावला. असे तक्ते या दुनियेत जिथे तिथे फिरत असतात. पाइनीन १५६, टीएचसी १५७, लिमोनीन १७६, लिनालूल १९८. प्रत्येक घटकाचा उत्कलनांक, म्हणजे तो कितीला उकळतो तो आकडा. तक्त्याचं लॉजिक फारच मोहक आहे. १५७ वर ठेवलं की टीएचसीची लिफ्ट उघडणार, १९८ वर लिनालूल बाहेर येणार. हव्या त्या मजल्याचं बटण दाबा!

पहिला आठवडा दादाने १५८ वर काढला. काय झालं? काहीही नाही. वास छान यायचा आणि खांदा ठणकतच राहायचा.

यात दोन घोळ आहेत. एक म्हणजे टीएचसीचा तो १५७ हा आकडा आपल्या स्वयंपाकघरातल्या हवेतला नाहीच. तो जवळजवळ निर्वात नळीत मोजलेला आहे. दाब कमी केला की कुठलाही द्रव कमी तापमानाला उकळतो. हिमालयात डाळ लवकर शिजत नाही त्याचं कारण हेच, तिथे पाणी शंभराच्या आधीच उकळतं. साध्या हवेत टीएचसीला १५७ ला उकळी फुटत नाही. पण कुणीतरी ‘कुठल्या दाबाला’ हे कलम गाळून आकडा उचलला आणि तो तक्त्यातक्त्यांतून फिरत राहिला.

दुसरा घोळ त्याहून मजेदार आहे. वाफ व्हायला उकळावंच लागतं असं कुणी सांगितलं? दोरीवरचे कपडे काय शंभर डिग्रीला वाळतात? ओव्याची बरणी उघडली की वास येतो, तो थायमॉलचा. थायमॉलचा उत्कलनांक २३२ अंश. तुमच्या मांडणीवरची बरणी कुणी २३२ ला तापवली होती? म्हणजे बाष्पीभवन आधीपासून चालूच असतं, तापवलं की त्याचा वेग वाढत जातो. मजले वगैरे काही नसतात, चढण असते. कमी आकड्यावर हलके, वासाचे घटक पटपट निघतात आणि टीएचसीसारखे जड घटक हळूहळू. आकडा वाढवला की तेच जड घटक एका झुरक्यात जास्त येतात. त्यात कच्च्या फुलात टीएचसी फारसं नसतंच, असतं त्याचं ॲसिड. तापल्यावर त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मग ते टीएचसी होतं. त्यालाही वेळ द्यावा लागतो.

शिवाय यंत्राच्या स्क्रीनवरचा आकडा हा त्याच्या सेन्सरला जिथे बसवलंय तिथला आकडा. फुलांच्या मधोमध काय चाललंय ते त्या बिचाऱ्याला कुठून कळणार? काही यंत्रं तव्यासारखी असतात, भांड्याच्या भिंती तापतात आणि त्यांना चिकटलेलं आधी भाजतं. भाकरी फिरवली नाही तर जे होतं तेच इथे होतं, म्हणून मधे एकदा ढवळावं लागतं. काहींत गरम हवा आरपार जाते, फॅनवाल्या ओव्हनसारखी. दादाच्या यंत्रात दोन्ही आहे. आणि तुम्ही जोरात झुरका घेतलात की बाहेरची गार हवा आत शिरते, भट्टी धडपडते, आकडा दोन-चार अंशांनी खाली येतो. फुलं ओलसर असतील तर पहिली धग ती वाळवण्यातच जाते. फार बारीक दळली तर हवेची वाट बंद, मोठे तुकडे राहिले तर पोटात कच्चे. म्हणजे एका यंत्रावरचे १८५ आणि दुसऱ्यावरचे १८५ यांची भेट होईलच असं नाही.

हे कळायला दादाला एक वाईट रात्र लागली. १५८ वर काही होईना म्हणून वैतागून त्याने आकडा एकदम २१० वर नेला आणि दणादण पाच-सहा झुरके घेतले. पाच मिनिटांत छाती धडधडायला लागली, छत फिरायला लागलं. ‘मी आता मरतो’ असं तो वहिनीला तीनदा म्हणाला. वहिनी पहाटेपर्यंत त्याचा हात धरून बसली होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी फार रागवारागवी केली नाही. फ्रिजवरचा तक्ता काढायला सांगितला आणि एक वही करायला सांगितली.

वाफ म्हणजे ‘माइल्ड’ असा गैरसमज असेल तर तो इथेच सोडा. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०१८ साली क्वचितच गांजा घेणाऱ्या १७ जणांवर प्रयोग केला होता. टीएचसी तेवढंच, पण धुरापेक्षा वाफेतून घेतल्यावर रक्तात जास्त पोचलं आणि डोकंही जास्त गरगरलं. साहजिकच आहे म्हणा, जाळताना बरंचसं जळून जातं, इथे जळत नाही. हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठात २००६ साली व्होल्कॅनो तपासलं तेव्हा फुलातलं साधारण ५४ टक्के टीएचसी फुग्यात पोचलं होतं, आणि ओढलेल्यातलं ३० ते ४० टक्के उच्छ्वासातून परत बाहेर गेलं होतं. आणि हे लॅबमधल्या शिस्तीत बरं का! घरी सोफ्यावर बसून काय होत असेल याचा अंदाज करा.

मग आता दादा काय करतो? डॉक्टरांनी ठरवून दिलेलं वजन छोट्या काट्यावर मोजतो. आकडा १८० वर लावतो. यंत्र थरथरून ‘झालं’ म्हणतं, तरी अर्धा मिनिट तसंच ठेवतो, आतपर्यंत धग पोचायला. मग एक संथ झुरका, आठ-दहा सेकंदांचा, बासरी शिकणारा पहिला ‘सा’ लावतो तसा. असे दोन. आणि मग थांबणं! पंधरा मिनिटं घड्याळ लावून. वाफेचा परिणाम काही मिनिटांत सुरू होतो, पण तो पूर्ण चढेपर्यंत धीर धरायचा. तोवर वहिनीशी गप्पा. सळई अजून फिरत असेल तर पाच अंश वर, १८५. पुन्हा एक झुरका, पुन्हा थांबणं. फार तर १९०. दोनशेची रेघ त्याने स्वतःला आखून घेतलीय. त्या वरच्या आकड्यांत वाफ खरखरीत होते, घसा धरतो, आणि २३० च्या आसपास तर प्रकरण जळण्याकडेच झुकतं. मग जाळायचं नाही म्हणून एवढा खटाटोप केला तो कशासाठी?

वहिनीचं शास्त्र वेगळंच आहे. ती आकड्याकडे बघतही नाही. संपल्यावर भट्टी उघडून बघते. हिरवट राहिलं असेल तर ‘कच्चं’, बदामी झालं असेल तर ‘बरोबर’, आणि काळपट असेल तर ‘करपवलंस!’ वहीत तिचा शेरा आणि दादाचा आकडा शेजारी शेजारी असतात. मी सगळी वही चाळली. दोन आठवडे दादा १९५ पर्यंत जात होता, ‘नवी डबी, ओलसर’ अशी नोंद. पुढे १८५ वर स्थिर. १२ ऑगस्टला नुसतं ‘घेतलं नाही, झोप लागली’. कितीतरी पानांवर दुखण्याला दहापैकी सात मार्क, नंतर चार, कधी पाच. शून्य कुठेही नाही.

ते शून्य कुठेही नाही, हे नीट वाचा. २०१३ च्या एका अमेरिकन अभ्यासात नसेचं दुखणं असलेल्या ३९ जणांना अगदी सौम्य डोसच्या वाफेनेही आराम पडला होता. पण २०१८ च्या कॉक्रेन समीक्षेने सगळे अभ्यास एकत्र तपासून सांगितलं, की दर्जेदार पुरावा तुटपुंजा आहे आणि फायद्यापेक्षा तोटा जास्तही असू शकेल. वाफेत धुराच्या मानाने कार्बन मोनॉक्साइड खूप कमी असतो, हे सॅन फ्रान्सिस्कोमधल्या २००७ च्या प्रयोगात दिसलं. पण वर्षानुवर्षं वाफ ओढल्यावर फुप्फुसांचं काय होतं, याचा पुरावा अजून फारसा नाही. सवय लागू शकते. ज्यांच्या घरात मानसिक आजाराचा इतिहास आहे त्यांना धोका जास्त. दादा संध्याकाळनंतर गाडीला हात लावत नाही. मित्राच्या घरून कुणी वाढदिवसाला बोलावलं की तो एस-बान पकडून जातो आणि साडेआठला उठतो. त्याचे जर्मन मित्र त्याला ‘सिंड्रेला’ म्हणतात.

पण खरी गोची वेगळीच आहे, आणि ती सांगलीत आहे.

दादा गेली दोन वर्षं गणपतीला आलेला नाही. आत्याला वाटतं, पोरगं बदललं. तिकडचं झालं. फोनवर ती आता ‘येणार का?’ असं विचारतही नाही, नुसतं ‘मूर्ती आणली’ असं सांगते. खरं कारण असं, की दादाला हे औषध भारतात आणता येत नाही. जर्मन डॉक्टरची सही, मेडिकलचं बिल, डबीवरचं लेबल, मुंबई एअरपोर्टवर यातलं काहीच उपयोगाचं नाही. डबीतली फुलं म्हणजे आपल्या कायद्याच्या भाषेत सरळ गांजा, आणि सोबतचं यंत्रही बंदीतलंच. आणि औषधाशिवाय तीन आठवडे म्हणजे रोज रात्री नऊ ते दोन सळई. मागच्या खेपेला आला होता तेव्हा त्याने रात्री गच्चीवर फेऱ्या मारत काढल्या होत्या. आत्याला वाटलं, जेट लॅग.

‘अरे, मग आत्याला सांग की सरळ,’ मी म्हटलं.

‘काय सांगू? आई, मी रोज रात्री गांजा ओढतो?’

यावर खरंच काय बोलणार! आपल्या भाषेत त्या झाडाला जे शब्द आहेत ते एकतर शिवमंदिराबाहेरच्या बैराग्याचे आहेत, नाहीतर पोलिसांच्या प्रेसनोटचे. ‘औषध’ या खणात त्याला जागाच नाही. सांगलीच्या गल्लीत ही बातमी दुपारच्या चहापर्यंत कुठे पोचेल, हे दादाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

शेवटी ऑक्टोबरमध्ये, मी पुण्याला परतल्यावर, त्याने व्हिडिओ कॉलवर सांगितलं. वहिनी शेजारी बसली होती. त्याने यंत्र दाखवलं, वही दाखवली, ‘गांजा’ हा शब्दही टाळला नाही. आत्या बराच वेळ गप्प होती. रडली नाही, ओरडली नाही. मग तिने विचारलं, ‘दोन वर्षं रात्री दुखतंय, आणि मला जेट लॅग म्हणून सांगतोस होय रे?’

त्यानंतर चार दिवस तिने कुणाचाच फोन उचलला नाही. पाचव्या दिवशी मला फोन. ‘त्या दोन नंबरच्या गोळ्या इथे मिळतात का गं? झोप आणणाऱ्या?’ म्हणजे प्रेगाबालिन. मिळतात, डॉक्टरच्या चिठ्ठीवर. ‘मग येऊ दे त्याला. पेंगला तर पेंगू दे, इथे कुठे त्याची मीटिंग आहे?’

डॉक्टरीणबाईंनी आता वेगळं वेळापत्रक करून दिलंय. निघण्याच्या तीन आठवडे आधीपासून संध्याकाळची वाफ हळूहळू कमी आणि गोळ्यांचा डोस हळूहळू वर. इंग्रजीत दोन पानांचं पत्र, इथल्या डॉक्टरांसाठी. पुण्यातल्या एका पेन क्लिनिकची अपॉइंटमेंट मी घेऊन ठेवलीय, तो उतरेल त्याच्या दुसऱ्या दिवशीची. तिकीट दहाच दिवसांचं आहे. आत्याने वरच्या खोलीतली गादी बदलून घेतलीय आणि गच्चीवर एक खुर्ची नेऊन ठेवलीय. ती का, ते मी विचारलेलं नाही.